सव्वीस तारखेचा समुद्र

आमच्या घरात डिसेंबरचं पान भिंतीकडे तोंड करून टांगलेलं असतं. नोव्हेंबर संपला की मा कॅलेंडर उलटं करते, आणि महिनाभर आम्ही तारखा फोनवर बघतो.

तिचं म्हणणं साधं आहे. एकेचाळीसच्या डिसेंबरात तिचे आजोबा मिरी घेऊन पेनांगला गेले, तिथे जपान्यांची विमानं आली, आजोबा परतले नाहीत. ब्याण्णवच्या डिसेंबरात फ्लोरेसला समुद्र चढला. ती बातमी रेडिओवर ऐकताना माझा भाऊ खाइदिर तिच्या पोटात पहिल्यांदा हलला. सोळाच्या डिसेंबरात पिडी जायाची जमीन पहाटे हलली आणि मावशीचं घर दुकानावर बसलं. अठराच्या डिसेंबरात क्राकाताऊचा डोंगर समुद्रात ढासळला, लाट आली, आणि तिकडे हॉटेलात कामाला गेलेला शेजारचा मुलगा शवपेटीतून घरी आला. दोन हजार चारबद्दल ती बोलत नाही. त्या सकाळी लाटेत बाबा आणि माझी मोठी बहीण गेले. मी तीन वर्षांची होते. खाइदिरनं मला पाठीवर घेऊन टेकडी गाठली होती, असं सगळे सांगतात. मला आठवत नाही.

बांदा आचेहच्या विद्यापीठात मी समुद्रविज्ञान शिकले. पहिल्याच सुट्टीत मी घरी येऊन मोठे भूकंप महिन्यांप्रमाणे मांडून तिला दाखवले. नियासचा मार्चमधला, पालूचा सप्टेंबरमधला. डिसेंबर वेगळा काही दिसत नव्हता.

मा म्हणाली, "ते दुसऱ्यांचे. माझे सगळे डिसेंबरातच आहेत."

मी कागद घडी करून ठेवला.

आमच्या किनाऱ्यावर सव्वीस डिसेंबरला एकही होडी पाण्यात जात नाही. आमच्याकडे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून पंचवीसच्या संध्याकाळपासूनच समुद्र बंद. पुढचा सूर्य बुडेपर्यंत बंद. आमच्या कुआला राबा गावात हे पाहायचं काम पांगलिमांचं, म्हणजे समुद्राच्या मुख्याचं. कोळ्यांनी निवडलेला माणूस. पाण्यावर शब्द त्यांचा. मोडलं तर मासळी जप्त आणि होडी आठवडाभर वाळूवर. दर शुक्रवारीही समुद्र असाच बंद असतो, आणि खाइदिरची होडी मागच्या वर्षी त्यावरूनच वाळूवर बसली होती. गुरुवारी संध्याकाळी समुद्र शुक्रवारसाठी बंद झाला, तरी हा पठ्ठ्या बाहेरच होता. आल्यावर वर तोंड करून म्हणाला, "सूर्य माझ्या बाजूनं अजून दिसत होता." सगळे हसले, पांगलिमा हसले नाहीत.

यंदा विसावं वर्ष होतं. पंचवीसला खाइदिर पहाटे एकटाच वायव्येच्या खडकांकडे गेला. दुपारपर्यंत बाकीच्या सगळ्या होड्या परतल्या. हा आला नाही. मा घाबरली नाही, मीही नाही. उशीर झाला की तो वरच्या एखाद्या बंदरात होडी बांधतो आणि सकाळी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून येतो. फोन लागत नव्हता, पण समुद्रावरून आलेल्या माणसाचा फोन पहिल्या दिवशी कधी लागतो?

सव्वीसच्या पहाटेच सगळं गाव लाटेत गेलेल्यांच्या सामूहिक कबरीपाशी जमलं. ती टेकडीच्या उतारावर आहे, प्रार्थनाघराशेजारी. खाली वाळू, मग पाणी, मग समोर रेउंगू बेट. बायका पांढऱ्या झग्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत. एका बाजूला पुरुषांनी मोठी कढई चढवली होती. आपा लियाह, बाबांचे धाकटे भाऊ, लाकडी वल्ह्याएवढ्या पळीनं मटण हलवत होते.

"आपा, बांग आला का?" मी विचारलं. मोठ्या भावाला आमच्याकडे बांग म्हणतात.

"कोण, आमचे साहेब? येतील की. वास तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याचं नाक होकायंत्रापेक्षा बरं आहे."

"मी वरच्या दोन्ही बंदरांत फोन केला. काल त्याची होडी कुठेच लागली नाही."

आपांची पळी थांबली. त्यांनी आधी पांगलिमांकडे बघितलं. ते लांब, पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग आपा हळू आवाजात म्हणाले, "मग तोच तो."

"काय तोच?"

"पहाटेची प्रार्थना संपल्यावर पांगलिमांना होडी दिसली. बेटाच्या बऱ्याच उजवीकडे. हिरवी. म्हणाले, आज भांडण नको, उद्या बघतो त्याच्याकडे. मीही पाहिली नंतर, कढईत फणस टाकताना. तेव्हा बेटाला टेकल्यासारखी दिसत होती. मजेत गळ टाकून बसलाय तुझा भाऊ. उद्या सगळ्या बाजारात एकट्याचीच मासळी. भाव बघ काय मिळेल!"

"होडी वाऱ्याला आडवी होती की उभी?"

"आडवी. गळ टाकताना आडवीच असते, बाई. शिकलीस एवढं."

मी बेटाकडे बघितलं. आता तिथे काही नव्हतं. वारा जमिनीकडून होता. या महिन्यात तो असाच असतो. सकाळी मऊ, मग वाढत जातो.

"आपा, पांगलिमांनी पाहिली तेव्हा बेटापासून किती लांब होती? हात पुढे करून दाखवा. मुठी मोजा."

"आता हे काय?"

"दाखवा ना!"

त्यांनी तेलकट हात पुढे केला, एक डोळा मिटला. "मी नव्हतो तेव्हा. पण ते म्हणाले, तुटक्या खांबाच्या वर." जुन्या धक्क्याचा एक खांब अजून पाण्यात उभा आहे. आपांनी खांबापासून बेटापर्यंत मुठी लावल्या. चार भरल्या.

पहाटेपासून फणस टाकेपर्यंत चार मुठी. मी मनात अंतर काढलं, मग पुन्हा काढलं. इंजिन चालू असतं तर एवढं अंतर एक कप कॉफी पिण्याच्या वेळात संपलं असतं. आणि गळ टाकणारा माणूस खडकावरून वाहत गेला की इंजिन लावून परत वर येतो, पुन्हा वाहतो. मासे खडकावर असतात, बेटाजवळ नाही. ही होडी एकदाही वर गेली नव्हती. इंजिनासाठी फार हळू, मासेमारीसाठी फार सरळ. ती वाऱ्यावर होती.

मी बचाव दलाला फोन केला. पलीकडचा माणूस शांत होता, सगळं नीट विचारत होता. त्यांची बोट मेउलाबोहून निघणार, म्हणजे दुपार टळणार. मी वाऱ्याचा वेग सांगितला. तो म्हणाला, "तुमच्या गावात होड्या आहेत ना?"

होड्या होत्या. सगळ्या वाळूवर ओळीनं, नाकं वर करून.

मी माकडे गेले. ती बायकांत पुढे बसली होती, डोळे मिटून. मी कानात सांगितलं. तिनं डोळे उघडले नाहीत, फक्त माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बोटं बधिर झाली.

"आज नाही," ती म्हणाली. "आज कोणी जायचं नाही."

"मा, तो वाहतोय."

"जातील त्यांनाही घेईल. आज नाही, पोरी. संध्याकाळी. सूर्य बुडू दे."

"सूर्य बुडेपर्यंत तो बेटाच्या कितीतरी पलीकडे असेल. पलीकडे काही नाही, मा. श्रीलंका आहे."

ती पुटपुटू लागली. मला वाटलं प्रार्थना आहे. मग शब्द कळले. एकेचाळीस, ब्याण्णव, चार, सोळा, अठरा. पुन्हा पहिल्यापासून. मी तिचा हात सोडवला आणि पुरुषांच्या रांगेत शिरले. तिथे बाईनं जायचं नसतं.

पांगलिमा सामाउन साठीचे असतील. लाटेच्या त्या सकाळी त्यांची बायको आणि दोन मुलगे गेले. समोरच्या कबरीत आहेत की नाहीत, हेही त्यांना माहीत नाही. तिथे कुणाचीच नावं नाहीत. गावात हा दिवस बंद ठेवायचं पहिल्यांदा तेच म्हणाले होते, आणि पहिली काही वर्षं जाऊन होड्यांच्या ओळीसमोर स्वतः बसत.

"बस खाली," ते म्हणाले. "दुआ व्हायची आहे अजून."

"पांगलिमा, खाइदिर हरवलाय."

"हरवला नाही. मी पाहिला त्याला."

"तुम्ही होडी पाहिलीत."

"होडी आपण होऊन जाते का कुठे?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. "उद्या येईल, मासे घेऊन, सूर्य कुठल्या बाजूनं दिसत होता ते सांगायला. तेव्हा त्याला ऐकव हे सगळं."

"माणूस हरवला तर सगळ्या होड्यांनी शोधायचं, हाही नियम तुमचाच आहे."

"हरवला तर. पळाला तर नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "मुतिया, तू शिकलीस, चांगलं झालं. पण आज एक होडी गेली की पुढच्या वर्षी दहा जातील. प्रत्येकाचा कोणीतरी हरवलेला असेल. मग हा दिवस राहणार नाही, आणि यांना आठवायला आणखी काही नाही आपल्याकडे."

मी त्यांना मुठी दाखवल्या. हात पुढे करून, सगळ्यांसमोर. खांब इथे, बेट इथे. तुम्ही पाहिली तेव्हा इथे. आपांनी पाहिली तेव्हा इथे. मधल्या वेळात मटण शिजलं. इंजिन चालू असतं तर? गळ टाकत असता तर? माझा आवाज फाटत होता आणि मला ते ऐकू येत होतं.

त्यांनी बेटाकडे बघितलं. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला हे कळायला माझी गरज नव्हती. पण सकाळी त्यांनी होडीकडे होडी म्हणून बघितलंच नव्हतं, गुन्हा म्हणून बघितलं होतं.

"झेंडा होता," ते सावकाश म्हणाले. "पुढच्या बांबूला. लाल. पक्षाचा, निवडणुकीतला. सगळ्यांच्या होड्यांवर आहेत अजून."

"त्याच्यावर नव्हता." हा आवाज मागून आला. मा उभी होती, पुरुषांच्या रांगेत, पांढऱ्या झग्यात. "त्यानं झेंडा घेतलाच नाही कुणाचा. काल लाल सदरा घालून गेला होता तो. मीच वाळत घातलेला काढून दिला."

अडचणीतल्या होडीनं अंगावरचं कापड वर चढवायचं, हे आमच्याकडे चालता येण्याआधी कळतं.

पांगलिमा उठले. उठताना एक हात जमिनीवर टेकवावा लागला. ते कबरीकडे वळले, ओठ हलले, मग उतारावरून होड्यांकडे चालू लागले. निम्मा रस्ता गेल्यावर त्यांनी वळून ओरडून सांगितलं, "जाळी उतरवा! गळ, दोऱ्या, बर्फाच्या पेट्या, सगळं खाली. आज काही आणायला जायचं नाही. फक्त माणूस."

मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यातले पुरुष जाळी वाळूवर फेकत होते. आपा लियाह कढई तशीच टाकून पळत आले, पळी हातातच होती. "ही ठेव कुठेतरी," म्हणून ती माझ्याकडे दिली, आणि परत घेतली. "राहू दे. तू चल. तुझ्या मुठी लागतील."

बाई होडीत नको, असं त्या दिवशी कोणीच म्हणालं नाही. मा पाण्यापासून लांब उभी राहिली, नेहमी जिथे उभी राहते तिथेच.

बेटाच्या पलीकडे गेल्यावर किनारा दिसेनासा झाला आणि लाटा लांब झाल्या. अकरा होड्या आम्ही रुंद पसरवल्या, एकमेकींच्या नजरेत राहतील एवढ्या. मी पांगलिमांच्या होडीत होते. वाऱ्याची दिशा, प्रवाहाची दिशा, होडी किती उंच, वारा तिला किती ढकलेल. मी फोनवर रेषा काढत होते आणि प्रत्येक रेषा दुसरीपेक्षा वेगळी येत होती. पुस्तकात त्या रेषेच्या टोकाशी एक बिंदू असतो. इथे टोकाशी पाणी होतं, आणि पाणी, आणि ऊन.

"आणखी डावीकडे?" पांगलिमा विचारायचे.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"मला माहीत नाही."

ते मान हलवायचे आणि थोडं डावीकडे घ्यायचे. माझ्या लक्षात आलं की मी पुटपुटते आहे. एकेचाळीस, ब्याण्णव, चार. मी ओठ चावले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसावं.

ऊन कलल्यावर उजवीकडच्या होडीनं सदरा हलवला. हिरवी होडी सापडली होती.

ती वाऱ्याला आडवी होऊन डुलत होती. बांबूला लाल सदरा होता. आत कोणी नव्हतं.

आपा लियाह पहिल्यांदा चढले. आम्ही जवळ पोचलो तेव्हा ते माशांच्या पेटीत वाकून बघत होते. वर आले तेव्हा त्यांचं तोंड वेगळं दिसत होतं.

"पेटी रिकामी आहे," ते म्हणाले. "धुतलेली. दोऱ्या गुंडाळून बांधल्यात."

इंजिनाचं झाकण उघडं होतं, आत पाणी. नांगराच्या दोराचं टोक झिजून तुटलेलं, खडकावर घासल्यासारखं. म्हणजे इंजिन काल दुपारी खडकाशी बंद पडलं. त्यानं नांगर टाकला आणि थांबला. हाक मारायला एकही होडी समुद्रात नव्हती. सूर्य बुडायच्या आधी त्यानं पकडलेली सगळी मासळी पाण्यात सोडली, पेटी धुतली, दोऱ्या गुंडाळल्या. बघायला कोणी नसताना. पहाटे दोर तुटला.

पांगलिमांनी त्या गुंडाळलेल्या दोऱ्यांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कॅन कुठंय?" मी विचारलं. "पाण्याचा पिवळा कॅन?"

आपांनी फळ्या उचलून बघितल्या. कॅन नव्हता.

"तो पोहतोय," मी म्हणाले. "कॅन धरून. बेट जवळ होतं तेव्हा उडी मारली असणार त्यानं. आपण त्याला ओलांडून आलो." आणि हे बोलताना मला कळलं की आपण त्याच्यावरूनही आलो असू शकतो.

परतताना सूर्य आमच्या पाठीशी होता आणि मागचं पाणी तांब्यासारखं चमकत होतं. त्यात डोकं असतं तरी दिसलं नसतं. बेटाच्या बाहेरच्या अंगाला नुसते खडक आहेत, शिंपल्यांनी धारदार झालेले. लाटा तिथे थेट आपटतात. एका होडीनं एक फेरी मारली, दुसरीनं दुसरी. मग मला पिवळं दिसलं.

तो कॅन दोन दगडांत अडकला होता, चेपलेला. त्याच्या वर, लाट पोचत नाही तिथे, खाइदिर कुशीवर पडला होता. उघडं अंग, छाती आणि दंड शिंपल्यांनी सोललेले. आपा दोर बांधून पाण्यात उतरले, मग आणखी दोघे. मी ओरडत होते की गप्प होते, मला आठवत नाही. आपांनी हात वर केला. जिवंत.

त्याला होडीत घेतलं. ओठ फुटले होते. मी टोपणानं पाणी दिलं. दोन टोपणं प्यायल्यावर त्याचे डोळे पांगलिमांवर गेले, आणि तो उठायची धडपड करू लागला.

"मासे टाकले सगळे," तो म्हणाला. आवाज खरवडल्यासारखा होता. "सूर्य बुडायच्या आधी. होडी सापडली तर बघा. पेटी बघा."

"पाहिली," पांगलिमा म्हणाले. "पडून राहा."

"दंड नका लावू या वेळी."

पांगलिमांनी स्वतःचा पांढरा सदरा काढून त्याच्यावर पांघरला.

"सकाळी मी पाहिलं तुला," ते म्हणाले.

"माहितीये." खाइदिरनं डोळे मिटले. "मलाही दिसलात. सगळे पांढरे. तोंड माझ्याकडेच होतं तुमचं."

किब्ला, म्हणजे प्रार्थनेची दिशा, आमच्याकडे पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. पहाटे आम्ही उतारावर प्रार्थनेला उभे राहिलो तेव्हा सगळ्या गावाची तोंडं त्याच्याकडे होती, आणि नजरा खाली.

"मी बांबूवरचा सदरा हलवत होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात सगळी रांग एकदम उभी राहिली. म्हटलं, चला, दिसलो. आता येतील. मग हलवायचा थांबलो." त्याला हसू आलं असावं, ओठांतून रक्त आलं. "बसून राहिलो वाट बघत. बेट मागे पडायला लागलं तेव्हा उडी मारली."

खाइदिरला धरून बसायला आपा आमच्या होडीत आले होते, पळीसकट. ती फळीवर इकडून तिकडे घरंगळत होती.

वाळू जवळ आली तेव्हा सूर्य टेकला होता, बुडाला नव्हता. मा पाण्यात उभी होती. कमरेपर्यंत. पांढरा झगा भोवती फुगून तरंगत होता, आणि लाट आली की ती डोळे मिटत होती, पण मागे सरत नव्हती. पांगलिमांनी इंजिन बंद केलं आणि होडी तिच्याकडे हळू वाहू दिली. तिनं काठ दोन्ही हातांनी धरला, आत बघितलं, आणि मग पांगलिमांना विचारलं, "आज कोणी राहिलं का मागे?"

त्यांनी वळून आपल्या मागच्या होड्या मोजल्या, सगळ्या होत्या. मग उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.